कोपिंगच्या दरजा भरताना

स्विमिंग पूलच्या कामावर नव्या माणसाच्या हातात सहसा दरजा, म्हणजे काठाच्या दगडांमधल्या फटी, भरायचं काम पडतं. दगड बसून झाले, आता फटीच तर बुजवायच्यात, असा सगळ्यांचा समज. मी ज्या गवंड्याच्या हाताखाली शिकलो तो मात्र थापी उचलू देण्याआधी प्रत्येक फटीकडे बोट दाखवून विचारायचा, "ही हलणार का?" मला वाटतं, निम्मं काम त्या प्रश्नातच होतं.

कोपिंगचे, म्हणजे काठाचे, दगड पूलच्या भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीट बीमवर बसलेले असतात. बीम अखंड असेल तर दगडादगडांतल्या दरजा फारशा हलत नाहीत, तिथे सिमेंटचा माल चालतो. बीममध्येच सांधा असेल, तर त्याच्या बरोबर वरची दरज मालाने भरायची नाही. आणि कोपिंग व बाहेरची फरशी यांच्यामधली फट तर कधीच नाही. फरशी भरावावर टेकलेली असते. भराव खचतो, माती पाणी पिऊन फुगते, फरशी उन्हाने वाढते. ती फट कडक झाली की फरशी कोपिंगला ढकलते, दगड सुटतात, कधी कधी पाण्याच्या रेषेवरच्या टाइलही निघतात. मग पूल बांधणाऱ्याला दोष!

अशा हलणाऱ्या फटीत सीलंट, म्हणजे रबरासारखा ताणणारा मसाला, लागतो, आणि त्याच्याखाली बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी. ती फटीपेक्षा साधारण पाव भाग जास्त जाड घ्यायची, म्हणजे दाबून घट्ट बसते. वरचा सीलंट फटीच्या रुंदीच्या निम्म्या जाडीचा: फट 12 मिमी तर सीलंट 6 मिमी. दोरी नुसती सीलंट वाचवायला असते असं नवे लोक समजतात. तिचं खरं काम सीलंटला तळाशी चिकटू न देणं. दोन कडांनाच धरलेला सीलंट ताणतो, तळालाही चिकटलेला फाटतो. कडा कोरड्या आणि धूळविरहित हव्यात, दगडावर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावायची, आणि सीलंट घट्ट व्हायच्या आत ती काढायची.

मालाच्या दरजांना उलट दगड ओलसर लागतो, फक्त पाणी साचलेलं नको. कोरडा दगड मालातलं पाणी ओढून घेतो. फट रुंदीच्या किमान दुप्पट खोल साफ करावी. एक भाग सिमेंट, तीन भाग बारीक चाळलेली वाळू, आणि पाण्यात थोडं एसबीआर लॅटेक्स, म्हणजे मालात मिसळायचं दुधासारखं रबरी द्रावण. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी सुटू नये. पातळ माल भरायला सोपा जातो म्हणून मोह होतो, पण वाळताना तो आकसतो आणि कडेने केसाएवढी चीर पडते. तिथून पाणी आत शिरतं. पूलच्या बाजूला दरजेच्या तोंडाशी पट्टी लावून ठेवा, नाहीतर माल टाइलवर ओघळतो. थर देत, दाबत भरा. अंगठ्याचा ठसा उमटतो पण माल बोटाला लागत नाही, त्या घडीला दरज ओढून, म्हणजे दाबून गुळगुळीत करून, घ्यायची. भर उन्हात ही घडी भसकन निघून जाते, म्हणून सावली धरून काम करा आणि नंतर काही दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवा.

दगडावर राहिलेला सिमेंटचा पांढरा थर काढायला कोणी ॲसिड सुचवेल. चुनखडीच्या दगडावर किंवा संगमरवरावर ते अजिबात नको, दगडच खाल्ला जातो. माल ओला असतानाच पिळलेल्या स्पंजने पुसून घेतलेलं बरं.