मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर घेताय? स्वस्तातला कधी चालतो आणि ब्रँडेडच कधी घ्यायचा

पैसे किती घालायचे ते नंतर, आधी तुमच्या गाडीला हा पार्ट बसतो का ते बघा. मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर, म्हणजे एमबीसी, हा टर्बोचं बूस्ट (इंजिनात दाबून भरलेल्या हवेचं प्रेशर) हाताने वाढवायचा पार्ट, तो टर्बोच्या कॉम्प्रेसरकडून वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला चुकवून सोडणारं, बूस्ट आवरणारं झाकण) अ‍ॅक्च्युएटरला (प्रेशर मिळालं की ते झाकण उघडणारी डबी) जी बारीक होज जाते तिच्यामध्ये बसतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या 1.0 टीएसआयसारख्या इंजिनात वेस्टगेट इलेक्ट्रिक मोटर हलवते, तिथे ती होजच नाही, म्हणजे विषय संपला. याची खरी मजा जुन्या गाड्यांत, निसान सिल्व्हियाचं एसआर20डीईटी, मित्सुबिशी एक्लिप्स टर्बो वगैरे. आपल्याकडच्या पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसच्या 1.8 टर्बोलाही बसतो, पण तिथे बूस्ट ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एन75 नावाच्या इलेक्ट्रिक व्हॉल्व्हमार्फत सांभाळतो, त्यामुळे एमबीसी टाकला तरी एन75 चा इलेक्ट्रिकचा प्लग काढायचा नाही, नाहीतर चेक इंजिन लाइट लागणार, आणि ईसीयूच्या हिशोबापेक्षा बूस्ट फार वर गेलं की गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद कमी करून) जाणार.

आता आत काय असतं ते बघू, कारण स्वस्त-महाग हा फरक सगळा आतच आहे. स्वस्तातले बरेचसे नुसते ब्लीड व्हॉल्व्ह असतात, म्हणजे अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी थोडी हवा बाहेर सोडतात की वेस्टगेट उशिरा उघडतं आणि बूस्ट वाढतं. काम होतं, पण वेस्टगेटला थोडं प्रेशर सुरुवातीपासूनच मिळत राहतं, त्यामुळे ते आधीपासून किलकिलं व्हायला लागतं आणि टर्बो स्पूल व्हायला (वेग घेऊन बूस्ट द्यायला) वेळ घेतो. दुसरा प्रकार बॉल-स्प्रिंगचा, कुकरच्या शिट्टीसारखा, ठराविक प्रेशर येईपर्यंत बॉल रस्ता अडवून बसतो आणि मग एकदम सोडतो. घ्यायचा तर हाच घ्या, स्वस्तातला घेतलात तरी हाच.

बॉल-स्प्रिंगवाल्यात एक बारीक भोक असतं, अ‍ॅक्च्युएटरच्या बाजूला, आणि माझ्या मते या सगळ्या पार्टमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बॉल परत जागेवर बसतो, पण अ‍ॅक्च्युएटरच्या होजमध्ये प्रेशर अडकून राहतं, ते त्या भोकातून निघून जातं म्हणून वेस्टगेट पुन्हा बंद होतं. भोक नसेल तर गिअर बदलल्यावर वेस्टगेट उघडंच राहतं, गाडी ढिम्म वाटते, आणि माणूस टर्बोला दोष देत बसतो. टर्बोस्मार्ट, हॉलमन, फोर्ज अशा नावाजलेल्या कंपन्यांच्या वस्तूत या गोष्टीचा विचार केलेला असतो, बिननावाच्या पार्टमध्ये मात्र भोक असेलच असं नाही, कधी असतं पण मशीनिंगच्या कचऱ्याने बुजलेलं असतं.

म्हणून स्वस्तातला हातात आला की गाडीला लावायच्या आधी खोला. बॉल बोटांत फिरवून बघा, ओरखडा नको, सीटवर (बॉल बसतो त्या जागेवर) धातूचा कीस नको. मग परत जोडून अ‍ॅक्च्युएटरच्या बाजूने तोंडाने फुंका, हवा अगदी हळू सुस्स करत जायला पाहिजे. अजिबात जात नसेल तर भोक नाही किंवा बुजलंय, आणि भसकन जात असेल तर बॉल नीट बसत नाहीये. नॉब फिरवून बघा, लॉक नट किंवा क्लिक आहे का, कारण इंजिनच्या थरथरीने नॉब आपोआप फिरला तर बूस्टही आपोआप बदलणार. होज बसते त्या निपलला कडा आहे का तेही बघा, गुळगुळीत निपलवरून होज सटकते.

आणि होज सटकणं म्हणजे छोटी गोष्ट नाही हो! अ‍ॅक्च्युएटरला प्रेशरच पोचलं नाही तर वेस्टगेट उघडतच नाही, बूस्ट वर वर जात राहतं, ईसीयूने फ्युएल कट केला तर नशीब, नाहीतर नॉकिंगने (पेट्रोल अवेळी पेटून बसणाऱ्या दणक्यांनी) पिस्टन जाऊ शकतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की रोज चालवायची गाडी असेल आणि इंजिन परत बांधायची ऐपत नसेल तर ब्रँडेड घ्या, किंमत पाच-सहा पट असली तरी घ्या. प्रोजेक्ट कार आहे, स्वतः खोलून तपासता येतं, गेजवर लक्ष ठेवायची सवय आहे, तर तपासलेला स्वस्त बॉल-स्प्रिंग खुशाल चालवा. पण बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आधी चांगला बूस्ट गेज, त्याच्याशिवाय कुठलाच कंट्रोलर लावू नका.

बसवताना बाणाची दिशा बघा, होज आखूड ठेवा, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा. नॉब पूर्ण ढिला करून सुरुवात करा, म्हणजे अ‍ॅक्च्युएटरच्या स्प्रिंगच्या जवळपासचं बूस्ट मिळेल, त्याच्या खाली हा पार्ट नेऊच शकत नाही. मग मोकळ्या सुरक्षित जागी किंवा डायनोवर (गाडी जागीच पळवून ताकद मोजणारं मशीन), तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पुल घेऊन (गाडी पूर्ण जोरात ओढून) बघा, पाव फेरा फिरवा, परत बघा. फक्त आकडा बघू नका, सुई आधी उसळी मारून मग खाली येते का ते बघा, ती उसळीच इंजिन मारते. सिल्व्हियासारख्या गाडीचं कंपनीचं बूस्ट 7 पीएसआयच्या आसपास, तिथून दोन-तीन वर जायचं तरी पेट्रोल पुरतंय का हे वाइडबँड मीटरवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) बघितल्याशिवाय जाऊ नका, आणि नॉकिंगचा खडखड आवाज आला की पाय लगेच वर.

भारतात असाल तर मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 वाचा, आणि इन्शुरन्स कंपनीला न सांगता बदल केला तर क्लेम अडकू शकतो हे धरून चला. सेटिंग झालं की नॉबवर आणि बॉडीवर मार्करने एक रेघ मारून ठेवा, आठवड्याने बॉनेट उघडून रेघ जुळते का आणि क्लॅम्प घट्ट आहेत का ते बघा, थंडी पडली की गेज परत तपासा, कारण गार हवेत बूस्ट थोडं वर सरकतं.