आरव्हीतून लांबचा प्रवास, सोबत लहान मुलं: गाडी ठरवण्यापासून मुक्काम हलवेपर्यंत

आम्ही पहिल्यांदा आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेतली, तेव्हा सासूबाईंनी आत शिरून आधी ओटा पाहिला, मग संडास पाहिला, पलंगावर बसून गादी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर घरच आहे की!" पुढच्या दहा दिवसांत मला जी काही वादावादी करावी लागली, ती या एका वाक्याशी. घर म्हटलं की मूल मांडीवर घेऊन बसावंसं वाटतं, चालत्या गाडीत उठून चहा टाकावासा वाटतो. पण इंजिन सुरू झालं की ती ताशी साठ मैलांनी धावणारी अवजड गाडी असते, आणि तिच्या मागच्या भागातली बाकं बऱ्याचदा प्लायवूडवर बेतलेली असतात.

आमचा बेत होता कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा. हजारेक मैल, माणसं सहा: आम्ही दोघं, पुण्याहून आलेले आई-बाबा (म्हणजे सासू-सासरे), साडेचार वर्षांची लेक आणि चौदा महिन्यांचा धाकटा. त्या प्रवासातून जे शिकले, ते क्रमाने लिहिते.

१. गाडी ठरवताना पलंग मोजू नका, बाकांची तोंडं बघा

भाड्याने देणारे पहिल्यांदा सांगतात ते "किती जण झोपतील". आम्हालाही फोनवर सांगितलं गेलं, "सात जणांची सोय, सात सीटबेल्ट." ते खरंही होतं. फक्त त्यातले दोन बेल्ट आडव्या बाकावर होते आणि दोन पाठीमागे तोंड करून बसायच्या बाकावर. मुलाची कारसीट या दोन्हींवर लावता येत नाही. कारसीट बनवणारे तसं माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहितात. ती लावायची तर गाडीच्या दिशेने तोंड असलेल्या बाकावरच.

म्हणून पैसे भरण्याआधी गाडीचे फोटो मागवा आणि चार गोष्टी विचारा. जेवणाच्या टेबलाजवळच्या बाकांपैकी कुठलं बाक पुढे तोंड करून आहे? तिथला पट्टा नुसता कमरेचा आहे की खांद्यावरूनही येतो? कारसीटचा वरचा पट्टा, म्हणजे टेदर, अडकवायला मागे आकडा आहे का? बाकाची चौकट लोखंडाची आहे की लाकडाची?

पट्ट्याचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. पाच पट्ट्यांची कारसीट नुसत्या कमरेच्या पट्ट्याने बसवता येते. मोठ्या मुलाचं बूस्टर, म्हणजे त्याला उंच बसवणारी बैठक, मात्र नाही. बूस्टरला खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच, नाहीतर धक्का बसला की मूल कमरेतून पुढे दुमडतं. कारमध्ये आपल्याला लॅचच्या, म्हणजे कारसीट थेट अडकवायच्या आकड्यांची सवय असते. २००२ नंतरच्या बहुतेक कारमध्ये ते असतात, पण आरव्हीच्या मागच्या भागात ते सहसा नसतात. तेव्हा पट्ट्याने सीट घट्ट बसवायची आठवडाभर आधी घरच्या कारमध्ये तालीम करा. मुलांच्या कारसीटचे प्रमाणित तंत्रज्ञ बहुतेक शहरांत असतात, त्यांना एकदा दाखवून घ्यावं.

उलट तोंडाची सीट, म्हणजे जिच्यात बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असतं ती, हा वेगळाच पेच. कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालच्या मुलाला उलट तोंडानेच बसवायचं असा कायदा आहे, अपवाद फक्त वजनाने ४० पौंड किंवा उंचीने ४० इंच भरलेल्या मुलाचा. बालरोगतज्ज्ञ तर सीटची मर्यादा संपेपर्यंत तसंच बसवा म्हणतात. ड्रायव्हरशेजारच्या जागेवर समोर एअरबॅग असते, तिथे उलट तोंडाची सीट लावायचीच नाही. मागे डायनेटच्या, म्हणजे जेवणाच्या टेबलाजवळच्या, बाकावर आमची सीट नीट टेकेना आणि समोरचं टेबल आड यायचं.

शेवटी आम्ही जे केलं, ते अनेकांना वेडेपणा वाटलं. नवऱ्याने आरव्ही चालवली. आई-बाबा तिच्यात, पुढे तोंड असलेल्या जागांवर, पट्टे लावून. मी दोन्ही मुलांना घेऊन आमच्या नेहमीच्या कारमधून मागोमाग. दोन गाड्यांचं पेट्रोल लागलं हे कबूल. पण मुलं त्यांच्या ओळखीच्या, पक्क्या बसवलेल्या सीटमध्ये होती, आणि यलोस्टोनमध्ये दूध आणायला आख्खं घर हलवावं लागलं नाही. दोन वर्षांखालचं मूल असेल तर माझं मत हेच: एकतर कार सोबत घ्या, नाहीतर एसयूव्ही किंवा चार दारांच्या ट्रकमागे ट्रेलर, म्हणजे राहायची सोय असलेला बिनइंजिनाचा डबा, ओढा. ट्रेलर घेतला तर सगळ्यांनी पुढच्या गाडीतच बसायचं. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायला कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मी कुणाला बसू दिलं नसतं.

२. ताब्यात घेताना घाई करू नका

तिथला माणूस पंधरा मिनिटांत सगळं दाखवून किल्ली हातात ठेवतो. आपण तासभर काढावा. धुराचा, कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा असे तिन्ही अलार्म बटण दाबून वाजवून बघा. गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. तोच नेमका रांगत्या मुलाच्या हाताशी येतो, म्हणून त्याच्यासमोर पिशव्या रचू नका आणि मुलाला त्याच्याशी खेळूही देऊ नका. अग्निशामक दाराजवळ असतो, त्याचा काटा हिरव्यात आहे ना ते पाहा. संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कुठली ते विचारा आणि लाल कडी फिरवून ती एकदा खरोखर उघडा.

मग गुडघ्यांवर बसून धाकट्याच्या उंचीवरून आत नजर फिरवा. ओट्याची बटणं, दाराची खालची कडी, कचऱ्याचा डबा, जमिनीतली हीटरची जाळी. ही जाळी चांगलीच तापते. आम्ही सोबत कपाटांच्या कड्या, टेप आणि दाराला लावायचं छोटं फाटक नेलं होतं. फाटकाचा उपयोग सर्वांत जास्त झाला, कारण आरव्हीचं दार बाहेर उघडतं आणि लगेच खाली पायऱ्या असतात. मूल जाळीच्या दारावर रेललं की थेट जमिनीवर.

गाडीची उंची फूट-इंचात कागदावर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवा. झायन राष्ट्रीय उद्यानातल्या १९३० सालच्या बोगद्याला ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच गाड्यांसाठी निर्बंध आहेत, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या वरच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी नेताच येत नाही. वाटेत हे कळलं तर मागे रांग लागलेली असताना गाडी वळवावी लागते आणि आत मुलं रडत असतात.

३. सामान भरताना कुकर आठवा

करकचून ब्रेक लागला की आतली प्रत्येक सुटी वस्तू पुढे येते. आमच्या सामानात पाच लिटरचा कुकर, पोळपाट आणि भाजणीचा डबा होता. कुकर शेगडीवर ठेवून निघायचा मोह होतो, ओटा सपाट दिसतो म्हणून. जड वस्तू खालच्या कपाटात, कडी लावून. वरच्या कपाटांत कपडे, डायपर, कुरमुरे. टेबल काढून ठेवता येत असेल तर काढा. मुलाच्या सीटसमोर त्याची कड असू नये. मुलांच्या हातात कापडी खेळणी द्या.

कुकर न्यावा की नाही, यावर घरात वाद झाला होता. न्यावा. यलोस्टोनच्या उंचीवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं, आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजेशिजेतो मुलं झोपून जातात.

४. वाटेत

निघण्यापूर्वी प्रोपेन टाकीवर जाऊन बंद करा. पेट्रोल भरताना तर नक्कीच. चालत्या गाडीत कुणी उठायचं नाही: ना संडासला, ना पाण्याला, ना बाळ रडतंय म्हणून. आईंना हे पटायला रेनो उजाडावं लागलं. "एवढं सगळं असून गाडी थांबवायची?" हो, थांबवायची. बाळाला दूध पाजायचं, डायपर बदलायचा, सगळं थांबून. दर दोन तासांनी थांबलंच तर त्यात बहुतेक कामं उरकतात.

आरव्हीवाल्यांत तीनाचा एक नियम सांगतात: दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी ३पर्यंत मुक्कामी, आणि एका जागी ३ रात्री. मुलं असतील तर २५०च धरा. आम्ही रेनो, एल्को, ट्विन फॉल्स असे मुक्काम घेतले. एल्कोचा टप्पा तीनशेच्या जवळ गेला आणि त्याची शिक्षा संध्याकाळी दोन्ही मुलांनी दिली. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. आणि वळताना गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, हे पेट्रोलपंपाच्या खांबाला कळण्याआधी आपल्याला कळलेलं बरं.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. मूल मलूल झालं, डोकं दुखतंय म्हणालं, उलटी झाली, की आपण म्हणतो "गाडी लागली". कार्बन मोनॉक्साइडचीही लक्षणं अशीच असतात, आणि या वायूला वास नसतो. जनरेटर चालू असेल किंवा एकाच वेळी दोघा-तिघांना तसं होत असेल तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा आणि ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा.

५. मुक्कामी पोचल्यावर

गाडी जागेवर लावतानाची ती वीस मिनिटं मला सगळ्यांत धोक्याची वाटतात. एक जण मागे बघत, एक जण हातवारे करत, आणि कंटाळलेली मुलं सुटायला बघत. आमचा नियम सोपा: आरव्हीची किल्ली नवऱ्याच्या खिशात जाईपर्यंत मुलांचे पट्टे सुटत नाहीत. मी त्यांच्याजवळच, आणि दिशा दाखवायचं काम बाबांचं. स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणारी भिंत, उघडताना आत मूल नको. बोट, पाय, खेळणं, काहीही त्या फटीत सापडतं.

वीज जोडताना मुक्कामाच्या जागेवरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर आधी बंद करा, मग प्लग लावा, मग ब्रेकर चालू करा. वायरिंग तपासणारा सर्ज प्रोटेक्टर मागून घ्या. दाराला किंवा पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच वीज तोडा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या मुलाला तोच झटका जिवावरचा होऊ शकतो. म्हणून बाहेर चपला हव्यातच.

फोडणी टाकली की धुराचा अलार्म हमखास बोंबलतो. त्याची बॅटरी काढून ठेवणारे मी पाहिलेत. त्यापेक्षा छतावरची झडप उघडा, पंखा लावा. शेगडी पेटलेली असताना झडप तशीही उघडीच हवी. थंडी वाजते म्हणून शेगडीवर गाडी गरम करणं तर कधीच नाही. आंघोळीचं पाणी मुलाच्या अंगावर घालण्यापूर्वी स्वतःच्या मनगटावर घ्या, आरव्हीच्या हीटरचं पाणी एकदम कढत येतं. आणि एसी चालू आहे म्हणून मुलांना आत झोपवून फिरायला जाऊ नका. खांबावरची वीज गेली की एसीही गेला.

६. रात्र

ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग बघून लेक हरखली होती. सहा वर्षांखालच्या मुलांना वरच्या पलंगावर झोपवू नये असा अमेरिकेत सल्ला आहे, तेव्हा ती दिवसा थोडा वेळ माझ्यासोबत तिथे खेळली आणि झोपली खाली. धाकटा त्याच्या घडीच्या पाळण्यात, हीटरच्या जाळीपासून दूर. त्याला डायनेटच्या मऊ गाद्यांच्या फटीत किंवा मोठ्यांच्या मधे झोपवू नका.

झोपण्यापूर्वी लेकीकडून दोन गोष्टी म्हणून घेत असे: लाल कडीची खिडकी कुठे, आणि बाहेर पडल्यावर कुठे जमायचं. जमायची जागा म्हणजे समोरचं लाकडी टेबल. पेटलेली आरव्ही फार वेळ देत नाही.

७. शेकोटी, बायसन, वाफा

शेकोटीभोवती काठीने रेघ ओढा, मुलं रेघेबाहेर. झोपताना पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. वरून विझलेल्या राखेत सकाळपर्यंत निखारे राहतात, आणि सकाळी लवकर उठणारं माणूस म्हणजे चौदा महिन्यांचं.

यलोस्टोनमध्ये अस्वल, लांडगा आणि कूगर (पहाडी सिंह) यांच्यापासून १०० यार्ड, बायसनसकट बाकी सगळ्या प्राण्यांपासून २५ यार्ड अंतर ठेवायचा नियम आहे. बायसन म्हशीसारखा मंद दिसतो म्हणून बाबा फोटोला पुढे सरकले, तेव्हा रेंजरने त्यांना हाक मारून मागे घेतलं. उकळत्या झऱ्यांजवळ लाकडी वाटेवरून खाली पाऊल नको. तिथे धाकटा पाठीवर बांधलेला आणि लेकीचा हात कायम कुणाच्यातरी हातात.

८. मुक्काम हलवताना

घाण पाण्याची टाकी रिकामी करताना मुलं कारमध्ये, आजीसोबत. हातमोजे घाला. पिण्याच्या पाण्याची नळी आणि ही नळी कधी एकत्र ठेवू नका. त्या जागेवरच्या नळाचं पाणी पिण्याचं नसेल तर तशी पाटी असते, ती वाचा.

मग गाडीभोवती एक फेरी: पायऱ्या आत, दाराबाहेरचं कापडी छत गुंडाळलेलं, वायर काढलेली, चाकांखालचे ठोकळे उचललेले, खाली वाकून गाडीखाली कुणी नाही ना. लेक माझ्यासोबत फिरते आणि माणसं मोजते. सहा झाले की नवरा किल्ली खिशातून काढतो.