निराधारचे पैसे पासबुकात दिसत नाहीत? आधी हे बघा

संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पैसे थांबले की माणूस सरळ तहसील गाठतो. केज तालुक्यातल्या आमच्या एका मावशींनी तशा चार चकरा मारल्या, दर वेळी एक दिवसाची मजुरी बुडवून. पैसे मात्र येतच होते, दुसऱ्याच खात्यात! ऊसतोडीला गेल्यावर तिकडे उघडलेलं खातं त्या विसरूनही गेल्या होत्या.

डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं, तिथं ते जातात. म्हणून चकरा मारण्याआधी:

१. 'माय आधार'च्या साइटवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते दिसेल. फुकट आहे. त्यासाठी मोबाईल नंबर आधारला जोडलेला लागतो.

२. दिसेल त्या बँकेचं पासबुक शोधून भरून घ्या. मावशींचं पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांखाली सापडलं. मागच्या कैक महिन्यांचे हप्ते त्यात एकाखाली एक छापून आले.

३. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत 'डीबीटीसाठी आधार सीडिंग'चा अर्ज द्या. नुसतं "आधार लिंक करा" म्हणू नका, नुसती केवायसी (ओळखीची पडताळणी) करून परत पाठवतात. शिक्का मारलेली पोच मागून घ्याच.

साइटवर काहीच जोडलेलं दिसलं नाही, तरी हाच अर्ज.

ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका, समोरचा बँकेचं किंवा तहसीलचं नाव सांगत असला तरीही.