पहिला चांगला हेडफोन: अडीच हजारांत काय बघायचं

बहिणीचा मुलगा गेल्या उन्हाळ्यात घरी आला आणि म्हणाला, "मावशी, अडीच हजार साठवलेत. या वेळी चांगला हेडफोन घ्यायचाय. तू चल माझ्याबरोबर."

आधीचे त्याचे तीन झाले होते. एक तीनशेचा, एक चारशेचा, एक सहाशेचा. पहिल्याची वायर पिनेपाशी तुटली, दुसऱ्याचा डावा कान गेला, तिसरा हरवला. तेराशे रुपये गेले आणि त्यातल्या एकावरही त्याला तानपुरा धड ऐकू आला नाही. मी नाशिकला गंगापूर रोडला घरीच गाण्याचे वर्ग घेते, तो लहानपणापासून माझ्यासमोर बसून शिकलाय. म्हणून मला ते जास्त लागलं. आम्ही एम. जी. रोडला जाऊन चार दुकानं पालथी घातली. त्या दोन दिवसांत त्याला जे जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण वर्गातल्या मुलांचे आईवडीलही मला हेच विचारतात.

दुकानात जायच्या आधी एक ठरवा: हेडफोन कुठे बसून वापरणार? कंपनीचं नाव नंतर. माझा भाचा नाशिकरोडला राहतो, कॉलेजला सिटीलिंकच्या बसने जातो, आणि रात्री ज्या खोलीत अभ्यास करतो तिथेच आजी मालिका बघत असते. म्हणजे बाहेरचं आत येऊ न देणारा आणि आतलं बाहेर न सांडणारा हेडफोन त्याला हवा. मागून जाळी असलेले, उघडे हेडफोन फार मोकळे वाजतात. बंद खोलीत एकट्याने ऐकायला त्यांच्यासारखं सुख नाही. पण बसमध्ये ते निरुपयोगी, आणि शेजारच्याला तुमचं गाणं फुकट. कान पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन घरी टेबलाशी बसून रियाजाला, संपादनाला उत्तम, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तासभर घालून बघा, गाद्या घामाने भिजतात. फक्त कानावर टेकणारे छोटे असतात ते मी कुणालाच सुचवत नाही. चष्मा असेल तर काडी कानाच्या पाळीत रुतते आणि अर्ध्या तासात डोकं धरतं. राहिले कानाच्या आत बसणारे. त्याच्यासाठी आम्ही तेच पक्के केले.

मग प्रश्न आला वायरचा. मित्रांकडे सगळ्यांकडे बिनवायरचे, त्यामुळे त्यालाही तेच हवे होते. मी त्याला हिशेब समजावला. अडीच हजारांच्या बिनवायरच्या जोडीत दोन बॅटऱ्या आहेत, डबीत तिसरी आहे, ब्लूटूथची चिप आहे, माइक आहेत, चार्जिंगची सोय आहे. हे सगळं झाल्यावर जे उरतं ते आवाज काढणाऱ्या पडद्यावर खर्च होतं. वायरवाल्यात जवळजवळ सगळा पैसा त्या पडद्यावर आणि त्याच्या घडणीवर जातो. शिवाय एवढ्याशा बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दम टाकतात आणि त्या बदलून मिळणं कठीण. वायरवाल्याची वायर सुटी होत असेल तर तुटल्यावर तीन-चारशेत नवी लावता येते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी आणखी एक: ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, पण फोनवर तानपुरा किंवा तबल्याचं ॲप लावून स्वतःचा आवाज हेडफोनमधून ऐकत गायला बसलात की मागे-पुढे होतं आणि लय हातातून सुटते. ज्यांना पळायचंय, जिममध्ये जायचंय, दिवसभर फोनवर बोलायचंय त्यांनी बिनवायरचे खुशाल घ्यावेत. त्यांची गरजच वेगळी आहे.

फोनला गोल जॅक आहे का ते मात्र आधी बघा. नसेल तर टाइप-सी ते साडेतीन मिलिमीटरचं डोंगल लागेल, आणि ते दोन जातींचं असतं. एकात आवाजाची चिप असते, दुसरं नुसती वायर जोडतं. पुष्कळ फोनांवर ते नुसत्या वायरचं डोंगल मुकं राहतं. चिपवालं मागा आणि दुकानातच स्वतःच्या फोनला लावून वाजवून घ्या.

आता ज्याने सगळ्यात जास्त फरक पडतो आणि ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते: कानात जाणारं रबर. खोक्यात लहान, मध्यम, मोठं असे तीन जोड येतात. मध्यम आधीच चढवलेलं असतं आणि नव्वद टक्के लोक आयुष्यभर तेच वापरतात असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या दुकानात भाच्याने नमुन्याचा जोड कानात घातला आणि लगेच म्हणाला, "मावशी, डावीकडचा पोकळ वाजतोय. खराब आहे." मी दोन्ही बाजू अदलाबदल करून घालायला लावल्या. तरीही डावा कानच पोकळ. म्हणजे हेडफोन ठणठणीत होता, त्याच्या डाव्या कानाची वाट थोडी रुंद होती. डाव्याला मोठं रबर चढवलं, कानाची पाळी वर-मागे ओढून हलकेच फिरवत आत बसवलं, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्या बाजूलाही आली. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. कानाच्या वाटेत फट राहिली की खालचे स्वर तिथूनच निसटून जातात. बास येत नाही म्हणून लोक जास्त बासचा हेडफोन आणतात, खरं तर वीस रुपयांचं रबर बदलायचं असतं. दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाचं रबर लागणं अगदी स्वाभाविक आहे. नीट बसलंय की नाही हे तपासायचं तर गाणं बंद करून चार शब्द बोला. स्वतःचा आवाज डोक्याच्या आत घुमला पाहिजे. आणि असं रबर चांगलं बसलं की बसच्या इंजिनाची घरघरही बरीच मरते, त्यासाठी वेगळ्या महागड्या यंत्रणेची गरज पडत नाही.

दुकानदार ऐकवतो ते गाणं ऐकून निर्णय घेऊ नका. पहिल्या दुकानात त्यांनी जे लावलं त्यात नुसतं धाडधाड होतं, आणि त्यावर कुठलाही हेडफोन जोरदारच वाटतो. स्वतःच्या फोनमध्ये आधी उतरवून ठेवलेलं, शंभर वेळा ऐकलेलं काहीतरी न्या. फोनमधलं इक्वलायझर, डॉल्बी वगैरे सगळं बंद करा. मी नेते ते वर्गात रेकॉर्डरवर केलेलं ध्वनिमुद्रण: काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला) तानपुरा, डग्गा-तबला आणि एक पुरुषी आवाज. त्यात मी काय काय शोधते ते सांगते.

आधी नुसता तानपुरा. काळी एकला खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६९ कंपनांवर, बोलते. जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथली घडण, चांगली असली की त्या तारेतून आपोआप गंधार उमटतो, तो तिच्या पाचपट, म्हणजे साधारण ३४६ हर्ट्झवर असतो. बास फुगवलेल्या हेडफोनमध्ये खर्जाचा ढब्ब आवाज येतो आणि गंधार त्याखाली गाडला जातो. खर्ज काढून टाकलेल्या पातळ हेडफोनमध्ये नुसती झणझण येते. मला दोन्ही एकाच वेळी हवेत, खाली खर्ज आणि त्याच्या डोक्यावर तरंगणारा गंधार. मग डग्ग्यावरची मींड: 'घे' वर जाताना एका सलग रेषेत चढली पाहिजे, मधेच फुगून परत दबता कामा नये. तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे काठावरचा, 'ना' टोकदार हवा, पण कानाला टोचणारा नको. शेवटी शब्द. 'स', 'श', 'च' आले की सुई टोचल्यासारखं होत असेल तर तो हेडफोन ठेवून द्या, तासाभराने डोकं दुखणार. स्वस्त हेडफोनमधली ही फार मोठी खोड आहे, आणि पहिल्या दोन मिनिटांत तीच 'किती क्लिअर आहे' अशी भासते.

गाण्याशी फारसा संबंध नसेल तर आपला नाशिक ढोल लावा. मोबाइलवर मिरवणुकीत काढलेला व्हिडिओ मात्र नको, त्यात आवाज आधीच फाटलेला असतो. नीट ध्वनिमुद्रित केलेलं काही घ्या. ढोलाचा प्रत्येक ठोका सुरू झालेला आणि संपलेला कळला पाहिजे, आणि त्यातून ताशाची तडतड वेगळी निघाली पाहिजे. सगळं मिळून एकच गडगडाट होत असेल तर तो बास नुसता भरताड आहे.

दोन हेडफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका करून घ्या. फोनचा आवाज एकाच पातळीवर ठेवला तरी एक मोठा वाजतो, एक लहान. जो मोठा वाजतो तो चांगला वाटतो, हे मुरलेल्या कानांनाही चुकत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांवर फार वेळ घालवू नका. '२० ते २०,००० हर्ट्झ' तर सगळ्याच खोक्यांवर असतं. माणसाच्या ऐकण्याची ती ढोबळ मर्यादा आहे, हेडफोन तिथपर्यंत किती समतोल वाजतो हे त्यावरून मुळीच कळत नाही. ओहम, म्हणजे विजेला होणारा विरोध, मात्र बघा. फोनवर वापरायचं असेल तर १६ ते ३२ ओहम सोयीचे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. २५०वाला फोनला लावलात तर आवाज दबलेला येईल आणि तुम्ही हेडफोनला नावं ठेवाल. ब्लूटूथवाला घेत असाल तर खोक्यावर एलडॅक (ब्लूटूथवर आवाज पाठवायची एक पद्धत) लिहिलंय म्हणून जास्त पैसे देण्याआधी आपला फोन बघा. आयफोन एसबीसी आणि एएसी या दोनच पद्धती वापरतो, त्याला एलडॅकचा उपयोग नाही.

आणि किमतीचा धाक बाळगू नका. येरून ब्रेबार्त या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. कुठला स्वर किती जोरात वाजतो याचा आणि किमतीचा काही संबंध त्याला सापडला नाही. महाग वस्तूत बांधणी, आराम, सेवा चांगली असू शकते, पण सूर चांगला असेलच असं नाही. माझ्यासारख्या मर्यादित पैशांत ऐकणाऱ्यांना याहून दिलासा देणारी दुसरी बातमी नाही.

मी स्वतः हे अनुभवातून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी मी माझा पहिला मोठा हेडफोन घेतला तो दिसण्यावर गेले म्हणून. जाड गाद्या, चकचकीत, वर 'एक्स्ट्रा बास'. घरी आणून ख्याल लावला तर डग्गा गायकाच्या तोंडावर बसलेला. बिल घेतलं नव्हतं, परत घ्यायला दुकान तयार होईना. दोन पावसाळ्यांत गाद्यांचं नकली चामडं सोलवटलं. वर्गात मुलींना शिकवताना माझ्या कानामागे, केसांत काळे पापुद्रे चिकटलेले असायचे आणि मुली हळूच काढून द्यायच्या. त्या गाद्या सुट्या मिळत नव्हत्या, म्हणून चांगला वाजत असता तरी तो टाकावाच लागला असता. तेव्हापासून मोठा हेडफोन बघताना मी आधी विचारते: गाद्या निघतात का, आणि नव्या मिळतात का?

नावं हवीच असतील तर सांगते. दोन हजारांच्या आसपास वायरवाले, कानात बसणारे घ्यायचे तर मूनड्रॉपचा चू २ आणि टांगझूचा वानेर बघा. दोन्हींची वायर सुटी होते आणि दोन्हींत गाणारा माणूस पुढे राहतो, बास त्याला झाकत नाही. घरी टेबलाशी बसून वापरायचा मोठा हवा असेल तर पैसे आणखी साठवा आणि ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स ऐका. वायर त्याची सुटी होत नाही, तेवढं जपावं लागतं. सोनीचा एमडीआर-७५०६ स्टुडिओंमध्ये १९९१पासून आहे. तो या बजेटच्या बराच वर जातो, पण कुठे ऐकायला मिळाला तर जरूर ऐका, म्हणजे शब्द स्वच्छ येणं म्हणजे काय ते कानाला कळेल.

हे चिनी वायरवाले नाशिकमध्ये दुकानात नेहमी असतीलच असं नाही, बरेचदा ऑनलाइन मागवावे लागतात. मागवताना विक्रेता अधिकृत आहे ना ते बघा, खोकं फोडताना व्हिडिओ काढा, आणि परत करण्याच्या अटी आधी वाचा. कानात घालायच्या वस्तूवर पुष्कळदा फक्त बदलून देतात, पैसे परत नाहीत. आल्या दिवशीच दोन्ही बाजू, पिनेपाशी वायर हलवून आवाज तुटतो का, आणि माइक तपासा. दुकानातून घेतलात तर जीएसटीचं बिल घ्याच. बिलाशिवाय शंभर-दोनशे कमी करून देतो म्हणाले तरी नको.

भाच्याने शेवटी दोन हजारांच्या आतला वायरवाला घेतला. उरलेल्यात चिपवालं डोंगल आणि एक चेनची छोटी डबी. डबीत सिलिका जेलची पुडी टाकायला सांगितलं, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते. रबर आठवड्याला काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचं, पूर्ण वाळल्यावरच परत चढवायचं. जाळीवर मळ दिसला तर कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली धरून. टाचणी अजिबात नको.

आवाज किती ठेवायचा यावर मात्र मी त्याच्याकडून शब्द घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८६वर उरतात १० तास. शांत खोलीत, रबर नीट बसवून, शब्द कळतील इतकाच आवाज ठेवायचा आणि बसमध्ये चढल्यावर त्याला हात लावायचा नाही. रबर बसलेलं असेल तर लावावाही लागत नाही. रस्ता ओलांडताना आणि गाडीवर असताना दोन्ही कानांतून काढून खिशात.