मनपा शाळेचं बजेट आणि घरफाळा: आपण नेमकं कुठं चुकतो, या चुका टाळा

पाडव्याला आपल्या कोल्हापुरात जरगनगरच्या मनपा शाळेत अ‍ॅडमिशनसाठी पालकांची रांग लागते, म्हणजे मनपा शाळांवर लोकांचा जीव आहे हे उघड आहे. पण त्याच शाळांचा पैसा ठरतो तेव्हा आपल्यातलं कुणीच तिथं नसतं आणि जूनमध्ये वर्गात पाणी गळायला लागलं की सगळे एकदम निवेदन घेऊन पळतात.

सगळ्यात मोठी चूक हीच, वेळ चुकवायची. मनपाचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. कायद्यानं पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात आणि बजेटही त्याच सुमारास पुढं सरकतं, त्यामुळं मार्चएंडला दिलेलं निवेदन कितीही चांगलं असलं तरी त्या वर्षासाठी उशीरच झालेला असतो, अधिकारी मनात असूनही फार काही करू शकत नाही. डिसेंबरात द्या. प्राथमिक शिक्षण समितीच्या ऑफिसला एक प्रत, आयुक्तांच्या नावानं एक प्रत, आणि आपल्या झेरॉक्सवर आवक नंबर व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नगरसेवकाला तोंडी सांगितलं, त्यांनी "बघतो" म्हटलं, एवढ्यावर विषय सोडणारे लई जण आहेत. त्यांना जरूर सांगा, पण पोच असलेला कागदच पुढं चालतो.

दुसरी चूक शाळा व्यवस्थापन समितीत होते आणि तिच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक पाहिजेत, निम्म्या महिला पाहिजेत, आणि शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम आहे. प्रत्यक्षात काय होतं, मिटिंग न होताच प्रोसिडिंग (मिटिंगच्या नोंदीची वही) घरी येतं आणि समितीतल्या ताई दारातच सही करून मोकळ्या होतात. असं करू नका हो. वही वाचा, ठराव काय लिहिलाय बघा, आणि अनुदान आलं का ते तारखेसकट विचारा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेमधनं शाळेला जे संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर ठरतं, १०१ ते २५० मुलांच्या शाळेला वर्षाला ५० हजार असा नियम आहे आणि त्यातला निदान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. संडासाच्या दाराला कडी नसेल तर बजेटची वाट बघत बसायच्या आधी हा हिशोब मागा.

तिसरं, घरफाळ्याचं म्हणजे मालमत्ता कराचं बिल. त्यात शिक्षण कर दिसला की लोक म्हणतात "आम्ही शाळेसाठी वेगळा कर भरतोय, मग पैसा जातो कुठं?" प्रश्न रास्त आहे, पण आधी ओळ नीट वाचा. राज्य शिक्षण कर हा १९६२ च्या कायद्याचा कर आहे, मनपा तो फक्त गोळा करते आणि राज्य सरकारकडं भरते. त्यावरून मनपात भांडलात तर समोरचा एका वाक्यात तुम्हाला गप्प करतो आणि मूळ मुद्दा तसाच राहतो.

मूळ मुद्दा असतो बजेटच्या पुस्तकात. शाळा दुरुस्तीची ओळ काढा आणि तीन आकडे शेजारी शेजारी बघा: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षीची तरतूद. तरतूद दरवर्षी मोठी आणि खर्च किरकोळ असेल तर "निधी वाढवा" ही मागणीच चुकीची आहे, "ठेवलेला निधी खर्च का झाला नाही" हे विचारायला पाहिजे. शाहू महाराजांनी १९१७ मध्येच सक्तीचं मोफत शिक्षण आणलं त्या गावात एवढा प्रश्न तरी हक्कानं विचारला गेलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि शाळा कुणाची हे आधी बघा. खाजगी अनुदानित असेल तर मनपाच्या बजेटमध्ये तिची दुरुस्ती सापडणार नाही. करवीर, कागलकडं गावात जिल्हा परिषदेची शाळा असेल तर विषय ग्रामसभेत मांडून ठराव लिहून घ्या.

पत्र दिलं आणि उत्तरच नाही? माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, आवक नंबर टाकून विचारा की या पत्रावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, फाईल सध्या कुणाच्या टेबलावर आहे. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा ठेवा. शाळा, गटार आणि घरफाळा एकत्र कोंबलं तर अर्ज बाजूला ठेवायला त्यांना आयतं कारण मिळतं.