गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी आणि मामांचा एक प्रश्न

धनकवडीच्या एका काकूंची स्कूटर माझ्यामुळे तीन वेळा गॅरेजला परत आली. याला आता बरीच वर्षं झाली, पण आमच्याकडे नवीन पोरगं कामाला लागलं की पाना हातात द्यायच्या आधी मी त्याला ही गोष्ट सांगतो. या धंद्यात यायचं ठरवत असाल तर तुम्हीही ऐका.

औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि सातारा रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये लागलो. मालकांना सगळे मामाच म्हणायचे. पहिले दोन महिने पार्ट धुणं, हवा मारणं आणि नाना पेठेतून सुटे भाग आणणं एवढंच काम. तिसऱ्या महिन्यात काकू आल्या. ११० सीसीची, कार्बोरेटरवाली (म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग असलेली) गाडी. तक्रार साधी : "सकाळी पहिल्या बटणाला सुरू होते हो, पण स्वारगेटच्या सिग्नलला थांबले की बंद. मग वीस मिनिटं काही केल्या सुरू होत नाही."

मला वाटलं, यात काय आहे! कार्बोरेटर उतरवला, त्यातले जेट (पेट्रोल यायची बारीक भोकं) फुंकले, प्लग नवा टाकला. गॅरेजसमोर स्टँडवर लावून दहा मिनिटं रेस दिली, गाडी मस्त चालली. दुसऱ्या दिवशी काकूंचा स्वारगेटवरून फोन. मग मी प्लगला करंट देणारी इग्निशन कॉइल बदलली. परत स्टँडवर रेस, परत सगळं छान, परत फोन. तिसऱ्यांदा त्या फोन न करता गाडी ढकलत घेऊन आल्या. काही बोलल्या नाहीत, ओढणीने घाम पुसत बाकड्यावर बसल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामांनी मला एवढंच विचारलं, "गाडी बंद पडली तेव्हा तू कुठे होतास?"

आयटीआयमध्ये इंजिन उघडायला शिकवतात, आणि नीट शिकवतात. पण गरम झाल्यावर येणारा दोष गरम असतानाच दिसतो. गाडी गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन निवतं आणि पुरावा गायब होतो. मग उरतात ते अंदाज, आणि अंदाजाने पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने शिकणं. मामांनी मला प्लग पाना, जुना प्लग, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर डिकीत टाकायला लावले आणि सांगितलं, "कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत जा. बंद पडल्याशिवाय परत येऊ नकोस."

गेलो. घाट चढताना गाडी तक्रार न करता चढली. बोगद्याच्या अलीकडे बाजूला घेतली, रेस सोडली. इंजिन दोन-तीनदा अडखळलं आणि बंद. खरं सांगतो, एवढा आनंद मला पास झाल्यावरही झाला नव्हता.

आता पुढची दोन-तीन मिनिटं महत्त्वाची. आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. झाकणाला हवा आत जायला बारीक वाट असते. ती धुळीने बुजली तर पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. तसं असेल तर झाकण उघडताना हवा ओढल्याचा स्स आवाज येतो आणि गाडी लगेच सुरू होते. आवाज नाही आला. मग प्लगच्या टोपीत जुना प्लग घालून तो इंजिनच्या धातूला टेकवला, टोपी सुक्या कापडात धरली, स्टार्टर दिला. निळी, कडकडीत ठिणगी, म्हणजे करंट ठीक. (हे करताना इंजिनमधला प्लग काढू नका. उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि शेजारी ठिणगी. माझ्या एका मित्राच्या भुवया अशाच गेल्या.) म्हणजे कॉइल बदलली होती ती उगाच.

मग किक मारली. पाय लोण्यात जावा तशी किक खाली गेली. तिला जोरच नव्हता. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं होतं. तिथेच कठड्यावर बसून राहिलो आणि पाच-पाच मिनिटांनी किक दाबून बघत गेलो. इंजिन निवत गेलं तशी किक घट्ट होत गेली. विसाव्या मिनिटाला गाडी सुरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, मामांनी हेडचं झाकण उघडलं, मॅग्नेटवरची (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चाकावरची) टी खूण जुळवून पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणला आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, माझ्या हातात दिलं. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा स्क्रू यांच्यातल्या फटीत) सगळ्यात पातळ, ०.०५ मिमीची पातीही जाईना. फट शून्य. व्हॉल्व्ह तापला की लांब होतो. त्याला लांब व्हायला जागाच नसेल तर तो सीटवरून उचललेला राहतो आणि कॉम्प्रेशन गळतं. रेस दिलेली असताना गाडी कशीबशी ओढते, सिग्नलला रेस सोडली की मरते. काकू अक्षरशः हेच सांगत होत्या.

आणि फट शून्य कोणी केली होती? दोन आठवड्यांपूर्वी काकू सर्व्हिसिंगला आल्या होत्या, "टिकटिक आवाज येतो" म्हणाल्या होत्या. तो आवाज मीच बंद केला होता, टॅपेट कसून. गेज न लावता, हाताच्या अंदाजाने. मामांनी कॉइलचे पैसे काकूंना परत दिले. मला काही बोलले नाहीत, फक्त ते फिलर गेज महिनाभर माझ्या खिशात ठेवायला लावलं.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो गाडी मेली कशी याचा. बटण दाबून दिवा घालवावा तशी चालत्या गाडीत फट्‌कन बंद पडत असेल तर बहुतेक करंट. कॉइलची किंवा मॅग्नेटजवळच्या पिकप कॉइलची आतली बारीक तार तुटलेली असते. थंड असताना टोकं चिकटतात, तापली की सुटतात. मल्टिमीटर थंड कॉइलला बरोबर आकडा दाखवतो आणि आपण फसतो. मामा त्यासाठी घरून मामींचा हेअर ड्रायर आणायचे. मीटर लावायचा, कॉइलवर गरम हवा सोडायची आणि आकडा हलतो का बघायचं. मामींना हे वर्षभर माहीत नव्हतं.

गाडी धापा टाकत, हिसके देत मरत असेल तर पेट्रोल. झाकण, पेट्रोलचा कॉक (तोटी), कॉकला इंजिनकडून ओढ देणारा व्हॅक्युमचा पाइप, मग कार्बोरेटर. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून बघा, पेट्रोल धारेने येतं की थेंबाने. फक्त इंजिन तापलेलं आहे हे विसरू नका, पेट्रोल बाटलीत घ्या.

सगळ्यात जास्त पोरं फसतात ती चोकपाशी. "गरम झाल्यावर बंद पडते" असं गिऱ्हाईक म्हणतं, पण बऱ्याचदा दोष उष्णतेचा नसतोच. ऑटो चोकच्या गाडीत थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल मिळतं. काही मिनिटांत चोकमधलं हीटर तापतं आणि चोक मिटतो. पायलट जेट (रेस सोडल्यावर पेट्रोल देणारा) तुंबलेला असेल तर पहिली काही मिनिटं चोक ते झाकून नेतो. चोक मिटला की इंजिनचं पोट भरत नाही आणि स्लोवर, म्हणजे रेस सोडली की, गाडी मरते. उलटही होतं. चोकची वायर तुटली तर तो मिटतच नाही, गरम इंजिनला पेट्रोल जास्त होतं, प्लग काजळी धरतो, ॲव्हरेज पडतं. दोन्ही गाड्यांची तक्रार एकच, उपाय मात्र उलटे. म्हणून प्लग काढल्यावर पुसायच्या आधी त्याचा रंग बघा. काळा आणि ओला एक गोष्ट सांगतो, पांढरट कोरडा दुसरी. माझ्या हाताखालचा एक पोरगा प्लग काढला की आधी पँटला पुसायचा. त्याची ती सवय मोडायला सहा महिने लागले.

आणखी एक, पुण्यात पावसाळ्यानंतर हमखास दिसणारं. या स्कूटरची इंजिनं मॅग्नेटवरच्या पंख्याच्या हवेने थंड होतात, आणि ती हवा प्लॅस्टिकच्या आवरणातून सिलिंडरभोवती फिरवलेली असते. आधीच्या कोणी ते आवरण अर्धवट बसवलं असेल किंवा फिनांत (सिलिंडरवरच्या पातळ पात्यांत) चिखल सुकलेला असेल तर गाडी खरंच तापते. तिथे जेट फुंकून काही होणार नाही, धुवावं लागेल.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे नियम, आलं आणि नव्या स्कूटरमधून कार्बोरेटर गेला. पेट्रोल पंप टाकीत, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, सेन्सर, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर). बरेच जुने मिस्त्री तेव्हा हबकले. पण तापमान सांगणारा सेन्सर बिघडून ईसीयूला गरम इंजिन थंडच वाटत राहिलं तर काय होईल? न मिटलेल्या चोकचीच गत. मीटरवरचा इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा, स्कॅनर असेल तर लावा, पण एखाद्या सेन्सरचा बिघाडाचा कोड आला म्हणून तो सेन्सर लगेच बदलू नका. आधी वायर आणि कनेक्टर बघा.

कुठे शिकावं, असं विचारलंत तर माझं मत थोडं तिरकं आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला अप्रेंटिस म्हणून एखादं वर्ष जरूर काढा. टॉर्क (नट किती जोराने कसायचा ते), स्कॅनर, कामाची शिस्त तिथे मिळते. पण तिथे गाड्यांची रांग असते आणि पार्ट बदलून मोकळं व्हायची सवय लागते. दोष शोधायचा तर रस्त्याकडेचं गॅरेज, जिथे मालकाला उगाच टाकलेल्या पार्टचे पैसे खिशातून परत द्यावे लागतात. पहिल्या पगारातून मल्टिमीटर आणि फिलर गेज घ्या, आणि एक वही. वहीत गाडीचा नंबर नको, ती कशी मेली ते लिहा.

काल आमच्या नव्या पोराला एक गाडी घेऊन घाटात पाठवलं होतं. संध्याकाळी सहाला त्याचा फोन आला, मागून ट्रकचे हॉर्न. "दादा, बंद पडली! एकदाची पडली बंद!"

"झाकण उघडलंस?"

"उघडलं. स्स आवाज आला."