विद्यावेतन भलत्याच खात्यात जाऊ नये म्हणून

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, तेव्हापासून मी ओळखीतल्या पोरांचे फॉर्म भरून देतेय. वय १८ ते ३५, अधिवास महाराष्ट्राचा. विद्यावेतन बारावीला महिना ६,००० रुपये, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. हे प्रशिक्षण आहे. ‘सरकारी नोकरी पक्की’ म्हणणारा व्हिडिओ तिथल्या तिथे बंद करा.

१. महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नोंदणी करा. ओटीपी ज्या नंबरवर येतो, तो फोन हाताशी ठेवा.

२. जागेसाठी अर्ज करण्याआधी आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसा घेण्यासाठी तुमचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय, ते बघा. सगळे इथेच आपटतात, मीही आपटले.

भाचीच्या अर्जात खातं क्रमांक मी दोनदा ताडून भरला होता. ती रुजू झाली, बरोबरच्या मुलींचे पैसे आले, हिच्या पासबुकात शून्य. बँकेत विचारलं तर काउंटरवरून मान वर न करता उत्तर, “आधार लिंक आहे, मॅडम.” तीन खेपा झाल्यावर कळलं, पैसे कधीचेच आले होते, कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या, पासबुक हरवलेल्या जुन्या खात्यात!

तर ‘लिंक’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली की बँक त्यालाही लिंकच म्हणते. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा आधारवरून येतो, आणि एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत एका आधारसमोर एकाच वेळी एकच बँक असते: जिथे सीडिंग शेवटचं झालं ती. मग फॉर्मात तुम्ही कुठलाही क्रमांक लिहा.

‘माय आधार’च्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ दिसायला हवं. बँक दुसरीच असेल तर हव्या त्या बँकेत डीबीटीसाठी आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या. नुसतं “आधार जोडा” म्हणू नका, पुन्हा केवायसी करून पाठवतील. शिक्का मारलेली पोच घ्या, चार-पाच दिवसांनी स्टेटस परत बघा. आणि मधल्या काळात ऑफर आहे म्हणून नवं खातं उघडून तिथे सीडिंगला होकार देऊ नका. केलेलं सगळं पाण्यात.

३. जागा बघून अर्ज करा, निवड झाली की वेळेत रुजू व्हा.

४. हजेरी आस्थापना, म्हणजे तुम्ही जिथे प्रशिक्षण घेता ती कंपनी किंवा कार्यालय, ऑनलाइन भरते. महिना संपला की भरणाऱ्यालाच गाठून विचारा, “माझी चढली का?” लाजू नका. ती चढल्याशिवाय विद्यावेतन निघत नाही.